रकाना सातवा

फॉर्मवर रकाना सातवा : कमरदोर, त्याची बांधणी.
मी उद्यान खात्यातला सहायक,
झाडं मला पानांवरून कळतात,
दोर मात्र सगळे दोरच.

लहांगेला विचारलं.
म्हणाला, दारूखान्यातून आणला, साहेब, वजनावर,
फोडलेल्या जहाजाच्या सामानात होता.
लेबल? असेल पूर्वी. आता तिथे घामाचा डाग.
सात वर्षं हा दोर तो बुंध्याभोवती फिरवतो,
दोन्ही हात मोकळे करतो
आणि मागे रेलतो, चाळीस फुटांवर,
जेवणानंतर कुणी खुर्चीत रेलावं तसा.

म्हणून ससून डॉकला, हिरूबायकडे.
कोलंबी सोलणाऱ्या बायांच्या पलीकडे
ती जाळी सांधत बसते.
तिने दोराकडे आधी पाहिलंच नाही,
चिमटीत दाबला.
चपटा होतो का? नाही झाला.
"पिळाचा नाय ह्यो.
तीन पेड वर दिसले असते, एकामागं एक चढताना.
गोफ हाय."
मग बांगडे मोजतात तसे
नखाने जोडीजोडीने वरचे पेड मोजले.
आठ जोड्या.
सोळा, मी लिहायला घेतलं.
"थांब रं. पोटात काय हाय ते कोन बघनार?"

पोट बघायचं तर कापायला हवा.
लहांगेने माझ्याकडे पाहिलं,
मी फॉर्मकडे.
शेपटाकडून चारच बोटं, ती म्हणाली,
तोवर सुरी फिरलीही होती.

वरचं आवरण तिने मागे सारलं,
तान्ह्याच्या झबल्याची बाही सारावी तसं.
आत दुसरा गोफ निघता
तर भार दोघांनी वाटून घेतला असता.
घट्ट सरळ गाभा निघता
तर भार त्याचा, आणि वरचं नुसतं सालपट.
निघाला सैलसर धाग्यांचा पुंजका,
दोर गोल राहावा म्हणून कोंबलेला.
"उचलतो समदं भायेरचा," हिरूबाय म्हणाली,
"आतला बसून खातो."

आणि अंगठा सरकवत सरकवत
जिथे थांबवला
तिथे सालीवर घासून दोराला लव आलेली,
वीतभर.
दर वेळी तीच जागा.
मागे कुणीतरी बर्फ फोडत होतं,
तेवढाच आवाज.

तुकड्याचं टोक तिने काडीवर धरलं.
सुंभ जळला तरी पीळ जळत नाही :
शाळेत मी याचा वाक्यात उपयोग केलेला,
पाचपैकी चार गुण.
हा वितळला.
काळा धूर, कडक एक मणी,
गोफ-बिफ काही ओळखू येईना.
"पॉलिस्टर," ती म्हणाली, "नायलॉनचा धूर पांढरा,"
आणि पैसे घेतले नाहीत,
सुरी पुसून पुन्हा जाळ्याकडे वळली.

रकाना सातवा : सोळा पेडी गोफ, पॉलिस्टर,
भार आवरणावर.
खाली जागा नव्हती, तरी बारीक अक्षरात : बदलावा.
फॉर्म वर गेला. वर जिने फार आहेत.

मंगळवारी पारशी कॉलनीत,
कोपऱ्यावरच्या जुन्या पर्जन्यवृक्षाखाली
लहांगेने दोर टाकला, बुंध्यामागून झेलला,
आणि टोक कडीत गाठीपुरतं पोचेना.
ओढून बघितलं.
पोट आत घेतलं, सालीला छाती लावली,
गाल लावला.
चार बोटं.

तुकडा माझ्या खिशात होता, मण्यासकट.
आज राहू दे, असं म्हणायला मी तोंड उघडलं असावं.
"वर बुंधा बारीक आहे," तो म्हणाला,
"तिथे पुरेल,"
दोर खांद्यावर टाकला
आणि तिथवर नुसत्या हातांनी गेला.